पहिला घोट झकास, मग कडू नि पाणचट: घरच्या मॉकटेलचं दुखणं कसं शोधायचं

तुमच्या ग्लासात यातलं नेमकं काय होतंय ते आधी बघा. दोन-तीन गोष्टी एकदम होत असतील तरी घाबरू नका, बहुतेकांचं तसंच होतं.

– पहिला घोट छान लागतो, दहा मिनिटांनी उरलेला अर्धा ग्लास म्हणजे नुसतं रंगीत पाणी.
– गिळल्यावरही कडवटपणा तोंडात रेंगाळतो. ग्लासात हिरवी भुकटी तरंगते, पानं काळपट पडलेली असतात.
– करताना चाखलं तेव्हा कडू नव्हतं. सकाळी करून ठेवलं आणि संध्याकाळी कडू झालं.
– वर आंबटढाण, तळाशी गोडमिट्ट. शेवटच्या घोटात साखर दाताखाली येते.
– ओतताना सोडा फसफसला, टेबलावर पोचेपर्यंत त्यातला जीव गेला.
– पुदिना मूठभर घातला, वासाचा मात्र पत्ता नाही.
– दूध किंवा क्रीम घातलेलं असेल तर वर गुठळ्या, खाली पाणी.

घरी चार माणसं येणार असली की फळांचं आणि हिरव्या पानांचं पेय करायचं काम माझ्याकडे येतं. वरची सगळी लक्षणं मी स्वतःच्या ग्लासात पाहिली आहेत, काही तर वर्षभर. मग मित्रांचे फोन येऊ लागले: “तू सांगितलं तसंच केलं, तरी कडू का झालं?” तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक वेळी मी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतो. तो क्रम इथे मांडला आहे. सुरुवात फुकटच्या तपासण्यांपासून आहे, मेहनतीच्या तपासण्या शेवटी आहेत. मधल्या पायऱ्या वगळू नका. माझ्या अनुभवात दहातली सात दुखणी पहिल्या पाच-सहा तपासण्यांतच सापडतात.

त्याआधी मुळातला घोळ सांगतो. मॉकटेलच्या कितीतरी कृती दारूच्या कॉकटेलवरून उतरवलेल्या असतात. दारू वगळायची, तिच्या जागी रस किंवा सोडा वाढवायचा, की झालं मॉकटेल. पण पुदिना, बेझिल, संत्र्याची साल यांचा वास ज्या तेलांत असतो, ती तेलं दारूत सहज विरघळतात आणि पाण्यात फारशी विरघळत नाहीत. त्यामुळे कॉकटेलमध्ये हलकेच दाबलेली आठ पानंही पुरतात. आपल्या ग्लासात तेवढ्याने वास येत नाही, म्हणून आपण पानं आणखी कुटतो आणि आणखी घालतो. त्याने वास थोडासाच वाढतो, कडवटपणा मात्र भरपूर वाढतो. मग कडू लागतं म्हणून साखर, गोड झालं म्हणून लिंबू, आंबट झालं म्हणून बर्फ. आगीतून फुफाट्यात जायचा हा सरळ रस्ता आहे.

पुढचं बोलणं एकाच मापावर चालावं म्हणून एक साधं पेय धरून चालू. संत्र्याचा किंवा अननसाचा गाळलेला रस ६० मिलि, लिंबाचा रस २० मिलि, साखरेचा पाक २० मिलि (साखर आणि पाणी वजनाने समसमान), पुदिन्याची ८ ते १० पानं, सोडा ९० ते १०० मिलि आणि ग्लासभर बर्फ. तुमचं फळ वेगळं असलं तरी तपासण्या याच.

१. कडू, आंबट की तुरट?

अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि हेच लोक टाळतात. एक घोट घ्या, गिळा आणि दहापर्यंत मोजा. तोंडाला पाणी सुटलं आणि चव लगेच ओसरली तर ते आंबट आहे. जीभ कोरडी, खरखरीत झाली तर तुरट. दहा मोजून झाल्यावरही काहीतरी मागे रेंगाळत असेल तर ते कडू.

हा फरक इतका महत्त्वाचा का? तर तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत. आंबटाला पाक लागतो. तुरटपणा बहुधा चहातून किंवा फळाच्या सालीतून आलेला असतो, तो पाकाने जात नाही. कडूवर साखर घातली की गोड-कडू होतं, म्हणजे औषधाची बाटली.

खात्री होत नसेल तर दोन चमचे पेय वेगळं काढून त्यात मिठाचे चार-पाच कण टाका. मीठ कडवटपणा दाबतं. चव एकदम सुधारली तर दोष कडवटपणाचाच आहे. ग्लास वाचवायलाही तीच चिमूट कामाची, पण खारट लागायच्या खूप आधी थांबायचं. पाहुणे दारात उभे असताना मी हेच करतो आणि कारण दुसऱ्या दिवशी शोधतो.

२. बर्फात पडायच्या आधी पेय गार होतं का?

‘पाणचट’ या तक्रारीचं सगळ्यांत मोठं कारण हेच. थोडं गणित करतो, कारण मला स्वतःला ते करेपर्यंत पटलं नव्हतं.

एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार करायला एक कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते (ही भौतिकशास्त्रातली कॅलरी, डाएटवाली नव्हे). एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी शोषतो. तुमचं २०० मिलि पेय ३० अंशांवर असेल तर ते शून्याजवळ न्यायला ६००० कॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे ७५ ग्रॅम बर्फ वितळणार. २०० मिलि पेयात तुम्ही ७५ मिलि पाणी ओतल्यासारखंच झालं. तेच पेय फ्रिजमधून ५ अंशांवर बाहेर आलं तर १००० कॅलरी पुरतात आणि वितळतो साडेबारा ग्रॅम.

ग्लासाचा हिशेब वेगळा. काचेची विशिष्ट उष्णता (एक ग्रॅम एका अंशाने गार करताना काढावी लागणारी उष्णता) पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी असते. ३०० ग्रॅमचा जाड ग्लास ३० अंशांवर असेल तर तो एकटाच बावीसेक ग्रॅम बर्फ खातो.

तेव्हा रस, पाक, सोडा, ग्लास, सगळं दोन-तीन तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. एवढं करून पेय पाणचट होणं थांबलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

३. बर्फ कसा आहे?

बर्फ कमी घातला की पेय कमी पातळ होईल असं वाटतं. होतं उलटं. फ्रीझरमधला बर्फ साधारण उणे १८ अंशांवर असतो आणि शून्यावर येईपर्यंत तो न वितळताच उष्णता शोषतो, दर ग्रॅमला नऊएक कॅलरी. १५० ग्रॅम बर्फ अशा १३५० कॅलरी घेऊ शकतो. वरचं फ्रिजमधलं गार पेय एवढ्यात जवळपास बर्फ न वितळताच थंड होतं. ग्लासात तीनच खडे टाकले तर ती मुभा चटकन संपते आणि ते वितळू लागतात. म्हणून ग्लास बर्फाने काठोकाठ भरा.

बाकी तीन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या. खडे मोठे हवेत, चुरा नको, कारण चुऱ्याचा पृष्ठभाग जास्त म्हणून तो लवकर वितळतो. खडे कोरडे हवेत. बाहेर वाडग्यात वीस मिनिटं ठेवलेल्या बर्फावर पाण्याचा थर असतो आणि तो थेट पेयात जातो. आणि एक खडा नुसता तोंडात धरून बघा. फ्रीझरमध्ये उघडा राहिलेला बर्फ शेजारच्या डब्यांचे वास ओढून घेतो. फळांच्या नाजूक पेयात कांद्याचा वास कुठून आला हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

४. माप आणि चाखायची वेळ

‘एक लिंबू पिळा’ हे माप नव्हे. एका लिंबातून १५ मिलि निघतो, दुसऱ्यातून ४५. वेगळं साधन नको, १५ मिलिचा मोठा चमचा आणि ५ मिलिचा लहान चमचा पुरतात.

चव बर्फ घालून, ढवळून, अर्धा मिनिट थांबून बघा. गारव्यात गोडी कमी जाणवते. कोमट मिश्रण चाखून ‘बरोबर’ केलेलं पेय गार झाल्यावर फिकं लागतं ते त्यामुळे. उलट, गार असताना जुळवलेलं पेय तसंच उरलं आणि तासाभराने प्यायलं तर ते गोडमिट्ट लागणार. ती चूक तुमची नाही.

५. पानांशी तुम्ही कसे वागता?

कडवटपणाची तक्रार असेल तर इथे जरा थांबा.

पुदिन्याचं पान उलटं करून उजेडात धरा, भिंग असेल तर उत्तम. पानाच्या पृष्ठभागावर, खालच्या बाजूला जास्त, बारीक चमकदार ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. पुदिन्याचा वास तिथे आहे, पानाच्या आत नाही. त्या फोडायला दोन तळव्यांत पान धरून एक टाळी वाजवली तरी पुरते. पान कुटलं की आतल्या पेशी फुटतात, हिरवा रस बाहेर येतो आणि त्याबरोबर गवताळ, कडवट चव. शिवाय पेशींतलं एक एन्झाइम हवेशी भेटून पानं काळी पाडतं. कापलेलं सफरचंद ज्या कारणाने तपकिरी होतं, तेच इथे घडतं. बेझिल तर पुदिन्याहून लवकर काळवंडतं.

तुमच्याकडे दातेरी तळाचा लाकडी मडलर (ग्लासात पानं दाबायचा दांडा) असेल तर तो आंब्याच्या कोयीसारखा बाजूला टाका, निदान पानांसाठी. गुळगुळीत तळाचा घ्या, नाहीतर लाटण्याचं टोक चालेल. पानं पाकात घाला, दोनतीनदा दाबा, हलकं पिळवटा, बस. पान अख्खं दिसलं पाहिजे. फाटलं तर जोर जास्त झाला.

क्रमही बघा. आधी पानं आणि पाक, मग रस. पानांबरोबर बर्फ घालून कुटणारे असतात. बर्फाच्या कडा सुरीचं काम करतात. शेकरमध्ये पानांसकट हलवलं तर दुहेरी गाळणीतून गाळा, नाहीतर हिरवी भुकटी ग्लासात राहून कडवटपणा सोडत बसते. देठ काढा. फुलोऱ्यावर आलेला पुदिना बहुधा उग्र असतो, तो वापरू नका.

आणि वास? वासासाठी पानं पेयात बुडवायची नसतात. टाळी वाजवून एक जुडी ग्लासाच्या काठाशी, नाकाजवळ खोचा आणि स्ट्रॉ तिच्या शेजारी ठेवा, म्हणजे प्रत्येक घोटाला नाक त्या जुडीत जाईल. मी ही जुडी बरीच वर्षं शोभेची समजत होतो. दारू नसलेल्या पेयात निम्मं काम तीच करते.

रोझमेरी, थाइम यांच्या काडक्या कडक असतात. ही पानं ग्लासात दाबून फारसं काही मिळत नाही. त्यांची सोय दहाव्या तपासणीत.

६. लिंबू, संत्रं आणि पिळायचा जोर

पानं नीट हाताळूनही कडू होत असेल तर संशय लिंबावर घ्या. मी वर्षभर पुदिना बदलत होतो, चोर पिळणीत बसला होता. अर्धं लिंबू पिळणीत घालून शेवटच्या थेंबापर्यंत दाबायचं आणि वर उलटं करून पुन्हा दाबायचं ही माझी सवय. सालीखालचा पांढरा थर आणि बिया कडू असतात, जोर लावला की त्यांचं कडूपण रसात उतरतं. एकदाच, मध्यम जोराने पिळा. वाया जाणारे दोन थेंब जाऊ द्या. संत्र्याच्या फोडी मिक्सरमध्ये फिरवत असाल तर आधी बिया काढा, फुटलेली बी अख्खा जार कडू करते.

‘सकाळी ठीक, संध्याकाळी कडू’ या लक्षणाचं कारण वेगळं. या वर्गातल्या फळांत, काही संत्र्यांत तर विशेष, एक पदार्थ असतो जो स्वतः कडू नसतो. रस काढल्यावर रसातल्याच आम्लामुळे त्याचं काही तासांत लिमोनिन होतं आणि ते कडू असतं. फळ दोषी नाही, तुमचा हातही दोषी नाही, वेळ दोषी आहे. यावर तोडगा एकच: पिळायचं काम आयत्या वेळी. अगदीच आधी करायचं असेल तर पाक, अननस वगैरे तयार ठेवा आणि संत्रं-लिंबू शेवटी.

लिंबं वाळकी, रस नसलेली मिळाली तर ६ ग्रॅम सायट्रिक ॲसिड ९४ ग्रॅम पाण्यात विरघळवा. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, त्यामुळे आंबटपणा तेवढाच भरतो. लिंबाचा वास मात्र येणार नाही, तो सालीच्या तुकड्यातून आणावा लागेल.

७. साखर की पाक?

तळाशी साखर साठत असेल तर उत्तर सोपं आहे. थंड द्रवात साखर विरघळते, पण रखडत. ढवळून कंटाळा येतो आणि खडे तसेच राहतात. समसमान वजनाचा पाक पाणी कोमट करून पाच मिनिटांत होतो, तार वगैरे बघायची नाही, उकळायचीही गरज नाही. मध वापरत असाल तर तोही आधी तेवढ्याच कोमट पाण्यात पातळ करा. बर्फावर पडलेला मध घट्ट होतो आणि चमच्याला चिकटून परत येतो. एक वर्षाखालच्या बाळांना मध अजिबात द्यायचा नसतो, घरात बाळ असेल तर तो ग्लास त्याच्या हाताला लागू देऊ नका.

८. सोडा का मरतो?

पुन्हा तापमान. साध्या दाबाला एक लिटर पाण्यात शून्य अंशांवर साधारण ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो, २० अंशांवर त्याच्या निम्मा. कोमट सोडा बाटलीबाहेर येताक्षणी वायू सोडून देतो, आपल्याला ती जोरदार फसफस बघून आनंद होतो, पण तीच त्याची शेवटची धडपड असते.

दुसरं कारण चोथा. रसातले बारीक कण, साखरेचे खडे, बर्फाचा चुरा, या प्रत्येकावर बुडबुडे तयार होऊन वायू पळतो. म्हणून रस गाळा, सोडा सगळ्यांत शेवटी, ग्लास तिरपा धरून कडेने ओता आणि लांब चमच्याने तळापासून एकदाच वर उचला. गरगर ढवळू नका. शेकरमध्ये सोडा घालून हलवायचं तर मुळीच नाही. दाब वाढून झाकण उडतं आणि छत धुवावं लागतं.

९. फळाचा पोत

पेय फाटून वर चोथा, खाली पाणी होत असेल तर मिक्सरने त्यात हवा आणि तंतू दोन्ही भरलेत. कमी फिरवा, बारीक गाळणीतून गाळा, गाळताना चमच्याने घासू नका. कलिंगडासारख्या पाणीदार फळांचा रस कितीही गाळला तरी थोडा फाटतोच. तो लगेच प्यायचा, यापलीकडे तोडगा मला सापडलेला नाही.

दुधाचं किंवा क्रीमचं पेय असेल तर दोन सापळे आहेत. दुधातलं केसिन हे प्रथिन ४.६ च्या आसपासच्या पीएचला साकळतं आणि लिंबाचा रस त्याहून कितीतरी आम्लधर्मी, २ ते २.६. दूध आणि लिंबू एका ग्लासात सुखाने नांदणार नाहीत. दुसरा सापळा ताज्या, न शिजवलेल्या अननसाचा, पपईचा आणि किवीचा. यांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि काही वेळात पेय कडू होतं. ही एन्झाइम्स उष्णतेने निकामी होतात, म्हणून डबाबंद अननसाने हा त्रास होत नाही. ताजाच वापरायचा तर फोडी चांगल्या उकळून, गार करून घ्या.

१०. वास वेगळा बांधणं

इथवर सगळं तपासलं, कडवटपणा गेला, पाणी झालं नाही, पण पेय अजून ‘सरबत’च वाटतंय, त्यात खोली नाही. मग मुळातली अडचण उरली आहे: वास उचलायला दारू नाही. तिचं काम साखर, उष्णता आणि वेळ यांच्याकडून करून घ्यायचं. याला मेहनत लागते म्हणून हे शेवटी.

सालीचा वास साखरेने ओढता येतो. तीन-चार लिंबांची किंवा दोन संत्र्यांची साल सोलाण्याने काढा, फक्त रंगीत थर, पांढरा नको. त्याआधी फळ कोमट पाण्याने घासून धुवा, कारण सालीवर मेणाचा थर असू शकतो. साल १०० ग्रॅम साखरेत चोळा आणि झाकून चार-पाच तास ठेवा. साखर ओलसर होते, तेलाने घमघमते. मग त्यात लिंबाचा रस घालून विरघळवा आणि गाळा. साध्या पाकाऐवजी हे वापरलेलं पेय प्यायल्यावर पूर्वीचा ग्लास पुन्हा हातात धरवत नाही.

रोझमेरी आणि थाइमसाठी पाक गरम करून गॅस बंद करा, दोन काड्या टाका आणि दर पाच मिनिटांनी चाखा. दहा ते पंधरा मिनिटांत काढून टाका. रात्रभर ठेवल्या की कापराचा, राळेचा वास येतो आणि मग तो कशानेच झाकत नाही. पुदिना-बेझिलचा पाक करायचा तर पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग गार पाकात फिरवून गाळा. उकळत्या पाण्याने ते काळं पाडणारं एन्झाइम मरतं आणि पाक हिरवा राहतो. पानांचा असा पाक मी फ्रिजमध्ये आठवडाभरच ठेवतो.

पेयाला भरीवपणा यायला चहा. रसाचा निम्मा भाग काढून तिथे गार, कोरा, हलका चहा घाला, तोच तुरटपणा इथे बळ देतो. पण काळा चहा तीन-चार मिनिटांहून जास्त मुरवला, किंवा हिरव्या चहावर उकळतं पाणी ओतलं, की पहिल्या तपासणीपाशी परत. हिरव्याला ७० ते ८० अंश पुरतात. मला थंड पाण्यात फ्रिजमध्ये सहा-आठ तास भिजवलेला चहा सगळ्यांत बरा वाटतो. गरम चहा झटकन गार केल्यावर गढूळला तर घाबरू नका, चवीला बाधा नाही. थोडं गरम पाणी घातलं की बरेचदा निवळतो.

आल्याचा रस एक छोटा चमचा घातला तर घशाला जो चटका लागतो, तो दारूची जागा बरीचशी भरून काढतो. त्याहून जास्त घातला तर मग ते आल्याचंच पेय.

११. इथे थांबा

काही वेळा ग्लास दुरुस्त करायचा नसतो, ओतून द्यायचा असतो. पाकाच्या किंवा रसाच्या बाटलीचं झाकण फुगलं, उघडताना फुस्स आवाज आला, आंबूस वास आला तर ती आंबायला लागली आहे. चाखून खात्री करू नका. बर्फाच्या वाडग्यात ग्लास फुटला किंवा त्याचा टवका उडाला तर सगळा बर्फ फेका. काचेचा तुकडा आणि बर्फाचा तुकडा डोळ्याला सारखाच दिसतो, म्हणून बर्फ ग्लासाने कधी उपसू नये. धुरासाठी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) ग्लासात टाकायचा मोह झाला तर तो उणे ७८ अंशांवर असतो आणि गिळला गेला तर आतून भाजतो, एवढं लक्षात ठेवा. वासाचं तेल बाटलीतून थेंबभर टाकणं, बागेतली ओळख न पटलेली पानं वापरणं, हेही इथेच थांबवा.

ग्रेपफ्रूट वापरणार असाल तर पिणाऱ्यांना गोळ्या चालू आहेत का ते विचारा. त्याचा रस आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम अडवतो, त्यामुळे काही औषधं रक्तात गरजेपेक्षा जास्त चढतात. कोलेस्टेरॉलसाठीचं सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन, रक्तदाबासाठीचं फेलोडिपिन ही त्यातली. परिणाम एक दिवसाहून जास्त टिकतो, म्हणून ‘गोळी सकाळी, पेय संध्याकाळी’ ही पळवाट चालत नाही. आपल्या गोळीचं काय, हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारायचं, मला नाही. दारू पूर्ण सोडलेल्या माणसासाठी पेय करत असाल तर बिटर्सच्या (पेयात थेंबभर घालायच्या कडू अर्काच्या) बाटलीवरचं लेबल वाचा. बऱ्याच बिटर्समध्ये अल्कोहोल असतं, काहींत ४० टक्क्यांहून जास्त.

उन्हात उभं राहून लिंबं पिळली आणि एकदोन दिवसांनी हातावर भाजल्यासारखे चट्टे किंवा फोड आले, तर तो लिंबाचा रस आणि ऊन यांचा एकत्र परिणाम असू शकतो. पिळून झाल्यावर साबणाने हात धुतले तर तो टळू शकतो. फोड आलेच तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, घरगुती लेप लावत बसू नका. सोडा करायच्या यंत्राचा सिलिंडर सूं सूं करत असेल तर खिडक्या उघडा, यंत्र वापरणं थांबवा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. त्याचा व्हॉल्व्ह घरच्या पान्याने उघडायचा नाही. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवूनही बाटल्या ८-१० अंशांखाली येत नसतील, तर दुसऱ्या तपासणीत सांगितलेलं काहीच जमणार नाही. तेव्हा फोन फ्रिज मेकॅनिकला.

आणि पेय बाकी सगळ्यांना ठीक लागतंय, कडू फक्त तुम्हाला लागतंय, असं असेल तर? काही औषधांनी तोंडाची चव काही दिवस बदलते. माझ्या गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स संपला आणि आठवडाभरात तेच पेय मला नीट लागू लागलं. तोवर दोन पिशव्या लिंबं बदलून झाली होती. चव दोन-तीन आठवड्यांतही परत आली नाही तर डॉक्टरांकडे जा, बत्ता आणि गाळणी तोवर कपाटात राहू दे.